अ‍ॅलिसचं पहिलं बाळंतपण

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

साउथहॅम्प्टन, ३ मार्च २०२५

ती. वन्सं यांना वैजयंतीचा वाकून नमस्कार.

परवा फोनवर आपण दोघी वीस मिनिटं ओरडलो. शेवटी शेजारणीने भिंत वाजवली, तेव्हाच मी ठरवलं की तुमच्या कानाचं यंत्र नीट होईपर्यंत आपली पत्रांची जुनी रीतच बरी. पाकिटावर सेकंड क्लासचं, सावकाश पोचणारं तिकीट लावलंय. निरोपात घाईचं काही नाही.

तुम्ही विचारत होतात, गुरुवारी दुपारी मी कुठे असते. चर्चच्या हॉलमध्ये असते. दचकू नका, देव बदललेला नाही. हे गेल्यापासून दुपार खायला उठते, आणि तिथं गुरुवारी हीटिंग चालू असतं. पहिल्या दिवशी त्यासाठीच गेले, खोटं कशाला बोलू. तिथं गावाचा जुना इतिहास शोधणारी चौदा-पंधरा माणसं जमतात. आपला हा भाग पूर्वी एल्डरकोंब नावाचं वेगळं गाव होतं. त्या गावच्या लग्नांच्या, बारशांच्या, मृत्यूंच्या नोंदी चर्चने चारशे वर्षांपूर्वी लिहून ठेवल्या आहेत. अक्षर असं की इंग्लिश माणसंसुद्धा भिंग लावून कपाळाला हात लावतात. मला मात्र ते परकं वाटलं नाही. माहेरी नाना कचेरीतून आल्यावर मला मोडी शिकवायचे. हात न उचलता लिहिलेल्या अक्षराला घाबरायचं नसतं, ते कुठून वळतंय तेवढं बघायचं, असं म्हणायचे. तेच इथं कामी आलं. आता सगळे कागद माझ्यापुढे सरकवतात.

सध्या शोध चाललाय तो अ‍ॅलिस नावाच्या बाईचा. १६३५ साली ती नवऱ्याबरोबर, थॉमस रडबरोबर, इथून जहाजाने अमेरिकेला गेली. तिकडे वस्ती करायला अगदी सुरुवातीला गेलेल्या बायकांपैकी ती एक. तिचे तिकडचे वंशज सप्टेंबरमध्ये येणार आहेत, आणि हॉलच्या भिंतीत तिच्या नावाचा दगड बसवायचाय. पण तिचं माहेर कुणाला सापडत नाही. आमचे अध्यक्ष मिस्टर पेनफोल्ड यांनी ठरवून टाकलंय की ती मोठ्या वाड्यातल्या जमीनदाराची मुलगी. पुरावा एवढाच की त्या घरात एक अ‍ॅलिस जन्मली होती.

मी नोंदी पाहिल्या. लग्न १६३० चं. आमच्या चर्चमध्ये पहिलं मूल, जॉन, १६३३ चं. मी विचारलं, मधली तीन वर्षं कोरडी कशी? आणि पहिलं बाळंतपण इथं का शोधताय, ते माहेरी झालं असेल ना? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मिस्टर पेनफोल्ड गोड हसून म्हणाले, मिसेस व्ही, ही तुमच्याकडची फार सुंदर पद्धत आहे, पण आमच्यात तसं नव्हतं.

मी म्हटलं, "चारशे वर्षांपूर्वी तुमच्या मुलींना आई नव्हती का?"

तेव्हापासून आसपासच्या गावांच्या नोंदी बघायला मी रेकॉर्ड ऑफिसात जाते. बसचा पास आहेच. प्रकृतीला जपा. वरदा रविवारी तुमच्याकडे येणार आहे, तिच्याबरोबर मेथीचे लाडू पाठवलेत.

तुमची वैजयंती


वॉटफर्ड, १४ मार्च

चि. वैजयंती, आशीर्वाद.

तुझं पत्र भिंग लावून वाचलं. अक्षर अजून तसंच, मुंग्यांची रांग. कागद वाचवतेस की काय?

मी या देशात पस्तीस वर्षं जीपी होते. शेकडो बाळंतपणं पाहिली. इंग्लिश मुलीला पहिल्या खेपेला आईकडे जा म्हणून सांगितलं असतं तर तिने माझी कम्प्लेंट केली असती. तुझ्या डोक्यातला सातारा तू त्या बिचाऱ्यांच्या रजिस्टरमध्ये घालायला निघालीस. मॅट्रिक झालेल्या बाईने आर्काइव्हमध्ये बसू नये असं मी म्हणणार नाही, पण अध्यक्ष माणूस शिकलेला असेल, त्याचं थोडं ऐकत जा.

आणि दुसरं. ही अ‍ॅलिस तिकडे जाऊन काय करत होती? दुसऱ्यांच्या जमिनीवर कुंपण घालत होती. आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं त्यांच्या पणज्या शोधायला तुला वेळ आहे, आणि आपल्या मंडळाच्या चैत्रगौरीला ये म्हटलं तर तुझं ट्रेनचं तिकीट महाग पडतं.

वरदा येऊन गेली. लाडू पोचले, तूप कमी आहे. तिला खोकला झालाय. मी तिला सांगितलं, तुझी लहानपणापासूनची छाती, तू बाकीच्यांसारखं वागून चालणार नाही. मफलर विसरून आली होती, मी माझा दिला. मुलगी गुणी आहे, ऐकते.

मधुमती


साउथहॅम्प्टन, २२ एप्रिल

ती. वन्सं यांना नमस्कार.

सापडलं.

सहा गावं कोरडी गेली. सातवं मिचमार्श, इथून चौदा मैल. त्या दिवशी नेमकी माझी एकादशी. आत खायची बंदी, म्हणून बाहेरच्या बाकावर बसून एक केळं आणि चार शेंगदाणे खाल्ले, मनात नाव घेतलं आणि परत आत गेले. नोंदींची मायक्रोफिल्म फिरवत होते. मे महिन्याच्या खाली, शाई फुटलेल्या ओळीत होतं: सुसाना, एल्डरकोंबचा थॉमस रड व त्याची बायको अ‍ॅलिस यांची मुलगी, १६३१. त्याच पानावर तिच्या आजीचंही नाव आहे. बायकोची आई जोन, विधवा, हिच्या घरी जन्म. माझ्या शेजारी एक तरुण मुलगा काम करत होता, त्याने विचारलं, तुम्ही ठीक आहात ना. मी डोळे पुसत होते हे मला कळलंच नाही.

म्हणजे अ‍ॅलिस वाड्यातली नव्हे. एका विधवेची मुलगी, आणि पहिलटकरीण म्हणून आईकडे आलेली. पस्तीस वर्षांच्या जीपीने माफ करावं.

पण वन्सं, पुढचं ऐका. जहाजाची यादी आमच्याकडे आहे. थॉमस, अ‍ॅलिस, जॉन आणि एक तान्हं. सुसानाचं नाव नाही. मला वाटलं गेली असेल बिचारी देवाघरी, म्हणून मृत्यूच्या नोंदी पाहिल्या. नाही. मग पुढे पुढे वाचत राहिले. १६५२ साली मिचमार्शच्या चर्चमध्ये सुसाना रडचं लग्न झालंय, आणि लिहिणाऱ्याने बाजूला बारीक अक्षरात टिपलंय: हिचे आईवडील समुद्रापार.

चार वर्षांची होती. आजीकडे ठेवून गेले.

गुरुवारी मी सगळं वाचून दाखवलं. ब्रेंडा म्हणून एक बाई आहे, तिने टाळ्या वाजवल्या. मिस्टर पेनफोल्डनी माझं मनापासून अभिनंदन केलं, वाड्याचा हट्टही सोडला. मग मी दगडाचा मसुदा मागितला. त्यावर होतं: रिकाम्या भूमीवर घर उभारणारी, सहा मुलांची आई. मी म्हटलं, दोन चुका आहेत. भूमी रिकामी नव्हती, तिथं माणसं राहत होती. हे तुमचं म्हणणं, मी तुमच्या वतीने मांडलं. आणि मुलं सहा नव्हेत, सात. ते म्हणाले, मिसेस व्ही, नोंद खरी आहे, ती आपण फाइलमध्ये ठेवू. पण दगड हा आनंदाचा प्रसंग आहे. पाहुणे इतक्या लांबून येणार, त्यांना हे कशाला दाखवायचं.

माझ्या घरच्या वहीत आकडा चुकला तर मी दुधाच्या चार आण्यांसाठीसुद्धा पुन्हा बेरीज करते, हे तुम्हाला माहीत आहे. इथं तर एक अख्खी मुलगी बेरजेतून काढलीय.

त्या दिवसापासून मला घास गोड लागत नाही. का, ते तुम्हाला सांगायला नको.

तुमची वैजयंती


वॉटफर्ड, ३० एप्रिल

वैजयंती,

हा विषय इथेच थांबव. दगडावर सहा लिहोत नाहीतर साठ, तुझा त्याच्याशी संबंध नाही. लोक म्हातारीच्या डोळ्यातलं पाणी बघतात आणि मग कारण विचारतात. तुझी दोन्ही मुलं, मिहीर आणि वरदा, आपापल्या संसारात सुखी आहेत. वरदाला तू त्या ग्रुपमध्ये यायचं आमंत्रण दिलं आहेस असं कळलं. देऊ नकोस.

उत्तर पाठवायची गरज नाही.

मधुमती


साउथहॅम्प्टन, १९ मे

ती. वन्सं यांना नमस्कार.

उत्तर पाठवते आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्ही सांगितलेलं मी खाली पडू दिलं नाही. हे एक पडू देते.

एप्रिल १९७६. तुमचं निळं पत्र साताऱ्याला आलं, ह्यांच्याबद्दल लिहिलेलं: गिरीशला हॉस्पिटलची एकच खोली आहे, सहा-सहा महिन्यांनी नोकरीचं गाव बदलतं, घरमालक मूल बघून दार लावतात, तू एकटीच ये, वर्षभरात वरदाला बोलावून घेऊ. वरदा तेव्हा अकरा महिन्यांची. माहेरी जन्मली होती, तिला माहेरीच ठेवून मी निघाले. तुम्ही सुचवलंत, ह्यांनी होकार दिला, पण विमानाच्या पायऱ्या मी चढले. कुणी ढकललं नव्हतं. ते मी कुणावर टाकणार नाही.

वर्षाची चार वर्षं झाली. मध्ये मिहीर झाला, तो इथंच, हॉस्पिटलात. मंडळातल्या बायका हळदीकुंकवाला विचारायला लागल्या, एक मूल जवळ आहे तर दुसरं लांब का? तेव्हा तुम्ही सांगितलंत, वरदाची छाती नाजूक आहे, इथली थंडी तिला सोसणार नाही, डॉक्टर नको म्हणतात. डॉक्टर म्हणजे तुम्हीच. साताऱ्यात ती पोर भर पावसात अंगणात नाचत होती, माझी आई दर पत्रात लिहायची. मी तुमच्या शेजारी वाटी घेऊन बसले होते, आणि मान हलवली. माझा वाटा तेवढा, आणि तो थोडा नाही.

पाचव्या वर्षी ती आली. मला काकू म्हणाली. महिन्याभराने विचारलं, मला का नाही आणलं? तेव्हाही तेच सांगितलं, तुझी छाती. बायकांना सांगितलेलं खोटं आपण लेकरालाही दिलं, कारण ते तयार होतं, हाताशी होतं.

पन्नास वर्षांची झाली. शाळेत तिने खेळात नाव दिलं नाही. अन्वी पोटात असताना प्रत्येक डॉक्टरला आधी छातीचं सांगितलं. साधा खोकला झाला तर घाबरते. तिला वाटतं, आपल्यातच काही खोट होती म्हणून आपण मागे राहिलो. खोट तिच्यात नव्हती, वन्सं.

अ‍ॅलिसने सुसानाला का ठेवलं ते मला माहीत नाही आणि मी ठरवणारही नाही. पण तिला मोजायचंच नाही, हे मला चालणार नाही. दगडावरही नाही आणि घरातही नाही. वरदाला मी सांगणार आहे. तुमच्या पाठीमागे करायचं नाही म्हणून आधी तुम्हाला लिहिलं.

तुमची वैजयंती


वॉटफर्ड, २ जून

वैजयंती,

तू लिहिलंस त्यात एक शब्द खोटा नाही. म्हणून उत्तर द्यायला इतके दिवस लागले.

आता माझी बाजू ऐक. तू नवीन होतीस, इंग्लिश येत नव्हतं. मूल टाकून आलेली बाई, असं त्या बायका तुला म्हणाल्या असत्या. एकीने माझ्यासमोर म्हटलंसुद्धा. मी त्यांच्या तोंडाला बांध घातला. त्या दिवसांत माझं तिसरंही मूल, आधीच्या दोघांसारखं, पोटात असतानाच गेलं होतं, हे तुला गिरीशनेही सांगितलं नसेल. मूल असणाऱ्या बाईला लोकांनी बोल लावावा हे मला सहन होईना. सुचलं ते बोलले. ते इतकं टिकेल असं वाटलं नव्हतं.

पण टिकलं. आणि त्यावर एक मुलगी वाढली, शिकली, रीडिंगला घर केलं, सगळं नीट आहे. आता तू ते काढून घेणार. कशासाठी? तुला हलकं व्हायचंय. देवाधर्माच्या माणसांना शेवटी शेवटी हलकं व्हायची घाई होते, मी पेशंटांत पाहिलंय. तू हलकी होशील आणि ओझं जाईल तिच्याकडे. शिवाय मला ती काय म्हणेल? माझ्याकडे महिन्यातून एकदा येणारं ते एकच माणूस आहे.

तू सांगितलंस तर मला पत्र लिहू नकोस. वॉटफर्डलाही येऊ नकोस.

मधुमती


साउथहॅम्प्टन, ५ जुलै

ती. वन्सं यांना नमस्कार.

लिहू नकोस म्हणालात तरी लिहिते. पाकीट न फोडता ठेवलंत तरी चालेल.

तुमच्या तिसऱ्या बाळाचं मला खरंच माहीत नव्हतं. ह्यांनी कधी ओठातून काढलं नाही. त्या हळदीकुंकवात मी तुमच्या शेजारी बसले होते आणि मला काही दिसलं नाही. त्याबद्दल तुमचे पाय धरते. पण माझं पाऊल त्याने मागे येत नाही.

परवा गुरुवारी दगडाच्या मजकुरावर मतं घ्यायची होती. मिस्टर पेनफोल्डनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की समिती मिसेस व्हींची फार ऋणी आहे, त्यांच्या मायभूमीच्या चालीरीतीमुळे आपल्याला अ‍ॅलिसचं माहेर मिळालं, जोनचं नाव दगडावर नक्की घालू. फक्त मुलांच्या संख्येबद्दल त्यांनी नवा मसुदा आणला होता, "अनेक मुलांची आई". म्हणजे खोटंही नाही आणि खरंही नाही. दोन-चार जणांनी लगेच माना डोलावल्या. ती मान मी ओळखते.

मी हात वर केला आणि म्हटलं, अनेक नको, सात, आणि सातही नावं, सुसानाचं पहिलं, कारण ती पहिली. ते म्हणाले, पाहुण्यांच्या पणजीने पोटचं मूल मागे ठेवलं हे दगडात कोरायचं? अशी आई लोकांपुढे उभी करायची आहे का तुम्हाला?

वन्सं, माझं इंग्लिश तुम्हाला माहीत आहे. पण त्या दिवशी अडलं नाही. मी उभी राहिले.

"मिस्टर पेनफोल्ड, तशी आई बघायची असेल तर इकडे बघा. मी अकरा महिन्यांची मुलगी ठेवून या देशात आले. तिला आम्ही सांगितलं की तू आजारी होतीस. ती आजारी नव्हती. तुमच्या दगडावर तुम्ही तेच करताय."

मी बसले नाही. मला वाटलं बसले तर लाज वाटल्यासारखं दिसेल, आणि त्या घटकेला मला लाज वाटत नव्हती. ब्रेंडाने आधी हात वर केला. मग एकेक. नऊ विरुद्ध पाच. सात नावं जाणार. "रिकामी" शब्दही गेला. त्याला तर खजिनदाराने आनंदाने होकार दिला, दगडवाला अक्षरागणिक पैसे घेतो. नंतर मी कप विसळत होते तर मिस्टर पेनफोल्ड फडकं घेऊन शेजारी आले आणि पुसायला लागले. अठरा कप पुसले.

घरी येऊन हातपाय धुतले, देवाला दिवा लावला आणि वरदाला पत्र लिहिलं. रीडिंगला जाऊन तोंडाने सांगितलं असतं तर मी रडले असते, आणि माझीच समजूत घालत बसायची वेळ तिच्यावर आली असती. ते नको होतं. तिला एकटीला रागवायला जागा हवी. पत्रात तुमचं नाव एकदाच आहे, आणि तुम्ही मला वाचवायला बोललात असंच आहे. तुमचं बाळाचं दुःख मी लिहिलेलं नाही. ते तुमचं आहे, सांगायचं तर तुम्ही सांगा.

तुम्ही म्हणालात, मला हलकं व्हायचंय. हलकं व्हायचं असतं तर देवापुढे बोलून मोकळी झाले असते, तो रोज ऐकतोच, कधी उलट बोलत नाही. आणि ओझं मी तिला देत नाहीये. ते पन्नास वर्षं तिच्याच पाठीवर आहे. त्यावर माझं नाव घालते, एवढंच.

ते पत्र फर्स्ट क्लासने पाठवलं. तुमचं सेकंड क्लासने जातंय, म्हणजे तिच्या हातात आधी पडेल. तुम्ही फोन करून अडवू नये म्हणून. हेही तुम्हाला सांगूनच करते.

तुमची वैजयंती


रीडिंग, २७ जुलै

आई,

तुझा पत्र मिळाला. चार वेळा वाचला. काही शब्द अन्वीने ट्रान्सलेटरमध्ये टाकून दाखवले, मग मी तिला रूममधून बाहेर जायला सांगितलं. मी मराठीत टाइप करते कारण फोनवर मी शाउट केलं असतं, आणि इंग्लिशमध्ये खूप फास्ट लिहिलं असतं.

मी फ्युरियस आहे. "राग आला" हा त्याच्यासाठी फार छोटा वाटतो. तीन आठवडे मी तुझे फोन घेतले नाही, मिहीरचे पण नाही. त्याला तू ठेवून घेतलं, हे मला आधी पण माहीत होतं, पण आधी त्याचा एक कारण होता.

मला ते चार वर्षं आठवत नाहीत. आजीचा वास आठवतो, आणि एअरपोर्ट. तिथे एक बाई खूप रडत होती, आणि मला वाटलं होतं की हिला कोणीतरी पाणी दिलं पाहिजे. ती तू होती.

मी नेहमी समजले की मी थोडी खराब झालेली वस्तू आहे. दुकानात मागे ठेवतात तशी. मी जॉबमध्ये पण कधी पुढे उभी राहिले नाही. आता मी पन्नास आहे आणि तू सांगते की काहीच झालं नव्हतं. तू सॉरी बरोबर म्हटलं, एकदाच, ते चांगलं केलं. जास्त नको म्हणू. मी सांगेन केव्हा पुरे झालं.

आत्याकडे मी गेले होते. ती दार उघडायला वेळ लावत होती. आम्ही काय बोललो ते तुला सांगणार नाही, ते आमच्या दोघींचं आहे. तिने तुझे सगळे पत्र फोडले आहेत, एवढं सांगते. शेवटचा पण.

सप्टेंबरला दगड बघायला मी येणार. अन्वी पण. मला ती सुसाना बघायची आहे, तिचा नाव पहिला आहे ना ते मी स्वतः बघणार. तेव्हा मला जवळ घ्यायला येऊ नको. माझ्या बाजूला उभी राहा, बस.

आणि काल मी सर्जरीला, म्हणजे माझ्या डॉक्टरच्या क्लिनिकला, फोन केला. माझ्या रेकॉर्डमध्ये वर लिहिलं आहे, लहानपणापासून छाती कमजोर. मीच प्रत्येक नवीन डॉक्टरला सांगत आले, म्हणून ते तिथे आहे. मी म्हटलं ते काढा. रिसेप्शनिस्ट म्हणाली, असं काढता येत नाही, कोणीतरी सांगितलं असेल तर लिहिलं असेल, आणि आता ते चूक आहे हे कोणत्या डॉक्टरने सांगितलं?

मी म्हटलं, डॉक्टरने नाही. आईने.

वरदा